डब्यातले प्रश्न: नाशिकच्या आमच्या क्लासमध्ये वारंवार विचारले जाणारे (आणि घरी कुणी उत्तर न दिलेले)

सिडकोत आमच्या घरी मी पाचवी ते नववीच्या पोरांचा विज्ञानाचा क्लास घेते. दाराजवळ चिवड्याचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलाय, झाकणाला चीर पाडलेली, आणि जो प्रश्न सगळ्यांसमोर विचारायला लाज वाटते तो चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा, नाव लिहायचं नाही. हे सुरू करायचं कारण असं की मी सातवीत असताना वर्गात विचारलं होतं, दूधच का उतू जातं, पाणी का नाही? तर बाईंनी मला उभं करून सांगितलं की फालतू प्रश्न विचारून वर्गाचा वेळ घालवू नकोस, आणि त्याच्यानंतर दहावीपर्यंत मी एकदाही हात वर केला नाही. तो प्रश्न मला तेव्हाही फालतू वाटला नव्हता आणि आज तर अजिबातच वाटत नाही. आता डब्यात पोरांच्या आया पण चिठ्ठ्या टाकतात, रिक्षावाले काका टाकतात, वरच्या मजल्यावरच्या आजी टाकतात. परत परत येणारे प्रश्न इथे लिहून ठेवतेय.

दूध उतू जातं, मग पाणी का जात नाही?

माझाच प्रश्न, म्हणून पहिला. पाणी उकळताना तळाशी वाफेचे बुडबुडे होतात, वर येतात, फुटतात आणि वाफ उडून जाते, संपला विषय. दुधात प्रोटीन आणि स्निग्धांश असतो, दूध तापलं की त्याची वर साय धरते आणि प्रोटीनमुळे प्रत्येक बुडबुड्याचं कातडं चिवट होतं, तो लवकर फुटतच नाही. खालून वाफ येत राहते, वर वाट बंद, मग सगळा फेस सायीला उचलून काठावरून बाहेर. आणि इतका वेळ शांत असलेलं दूध शेवटी एकदम का उसळतं, तर उकळी यायच्या आधी वाफेचे बुडबुडे फार नसतात आणि उकळी आली की एका दमात येतात.

भांड्यावर लाकडी पळी आडवी ठेवली की फेस तिला टेकून फुटतो, हे खरंय, पण थोडाच वेळ, गॅस मोठा राहिला तर पळीवरून पण जातं. वरणाची डाळ शिजताना फेस येतो तो पण असाच, म्हणून आई त्यात तेलाचा थेंब टाकते, तेलाने बुडबुड्याचं कातडं तुटतं. रथसप्तमीला मात्र अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवून आपण मुद्दाम उतू घालवतो. त्या दिवशी पोरांना जवळ बसवून दाखवा, साय कशी फुगते ते इतकं छान दिसतं.

कांदा चिरताना रडू का येतं? आणि शिजवलेल्या कांद्याने का येत नाही?

जिल्ह्यात लासलगावची बाजारपेठ असताना हा प्रश्न आपल्यालाच पडणार ना. कांदा जमिनीतलं गंधक ओढून घेतो आणि त्याची संयुगं पेशींमध्ये साठवून ठेवतो. त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात, एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन, असतं. कांदा अख्खा आहे तोपर्यंत दोघांची गाठ पडत नाही, म्हणून गोणीभर कांदा घरात असला तरी कुणी रडत नाही. विळीने कापलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात, आणि काही सेकंदात एक वायू तयार होऊन वर येतो. तो डोळ्याच्या ओलाव्यात विरघळला की डोळा चुरचुरतो आणि डोळा बिचारा त्याला धुवून काढायला पाणी सोडतो. म्हणजे रडणं हे नाहीच, ती साफसफाई आहे.

सगळ्यांना आधी वाटायचं की एकच एन्झाइम हे काम करतं. २००२ साली जपानच्या संशोधकांनी दाखवलं की शेवटचा टप्पा, म्हणजे तो डोळ्याला लागणारा वायू बनवायचा, तो एक दुसरंच एन्झाइम करतं. लसणात पहिलं एन्झाइम असतं पण हे दुसरं कांद्यासारखं कामाला येत नाही, म्हणून लसूण सोलून हात वास मारतात पण डोळ्यांना धार लागत नाही. शिजवलं की उष्णतेने एन्झाइमच निकामी होतं, त्यामुळे परतलेला कांदा एकदम गरीब.

उपाय विचाराल तर मी दोनच सांगते. एक, विळी किंवा सुरी धारदार ठेवा, बोथट सुरी कापत नाही, चेंगरते, आणि चेंगरलं की जास्त पेशी फुटतात. दोन, कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत ही सगळी क्रिया मंदावते. पंखा लावायचा असेल तर हवा तुमच्या तोंडाकडून कांद्याकडे जाईल असं बसा, उलटं बसलात तर वाटच लागली.

द्राक्षावर पांढरी पावडर असते ती औषधाची फवारणी असते ना?

नाही हो. हा गैरसमज ऐकला की मला खरंच वाईट वाटतं कारण माझं माहेर पिंपळगावकडचं, बाग काय कष्टाने उभी राहते ते बघितलंय. तो पांढुरका थर म्हणजे द्राक्षाने स्वतः बनवलेलं मेण. त्याने आतलं पाणी उडत नाही, वरचं पाणी टिकत नाही. एक मणी घ्या आणि अंगठ्याने हळूच पुसा, जिथे पुसलं तिथे काचेसारखं चकाकतं आणि अंगठ्याचा ठसा राहतो. म्हणून चांगला माल काढताना मजूर घड मण्यांना धरत नाहीत, देठाला धरतात, थर जितका शाबूत तितका माल ताजा आणि कमी हाताळलेला. औषधाचे डाग असतील तर ते थेंबाथेंबाचे दिसतात, मेणाचा थर सगळीकडे सारखा असतो. फवारण्या होतात हे खरंच आहे, म्हणून धुवूनच खा, पण पांढरं दिसलं म्हणून टाकून देऊ नका.

मग बी नसलेल्या द्राक्षाचं झाड येतं कुठून?

थॉमसनसारख्या जातीत बी धरायला लागते पण मध्येच वाढायची थांबते, मणी नीट चावून बघा, आत मऊशी बारीक खूण लागते. झाड बीपासून लावतच नाहीत. आपल्याकडे डॉगरिज नावाच्या द्राक्षजातीचा खुंट लावतात आणि त्याच्यावर हव्या त्या जातीची काडी घेऊन कलम करतात. बिया नसल्या की मणी बारीक राहतो, कारण फळ फुगवणारं जिबरेलिन हे संप्रेरक एरवी बियाच बनवतात, म्हणून शेतकरी घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिनच्याच, द्रावणात बुडवतात. चिठ्ठी टाकणाऱ्याने खाली लिहिलं होतं "सॉरी ताई येडा प्रश्न आहे". अजिबात येडा नाहीये.

मिसळ खाताना नाकातून पाणी का येतं? आणि पाणी पिऊन तिखट का जात नाही?

तिखट ही चवच नाहीये, ती भाजल्याची खोटी बातमी आहे. मिरचीत कॅप्सेसिन असतं आणि आपल्या जिभेवर, नाकात, अगदी डोळ्यात पण उष्णता ओळखणारे रिसेप्टर असतात जे साधारण ४३ अंशाच्या वर पेटतात. कॅप्सेसिन त्यांना चिकटलं की ते गार असतानाच पेटतात आणि मेंदूला सांगतात की तोंड भाजतंय. मग शरीर भाजल्यावर जे करेल तेच करतं, घाम काढ, लाळ सोड, नाक वाहव. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल विभागून मिळालं, तेव्हा मिसळीच्या प्रश्नाला फालतू म्हणायच्या आधी विचार करा.

पाण्याचं म्हणाल तर कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून तर सगळा जाळ वरच्या लाल तर्रीत असतो. पाणी प्यायलं की तो फक्त तोंडभर पसरतो. दह्यादुधातलं प्रोटीन आणि स्निग्धांश मात्र त्याला उचलून नेतात, त्यामुळे मिसळीबरोबर दही देतात त्याला भारी अर्थ आहे. पोपट हिरवी मिरची कशी खातो हे पण दर वर्षी कुणीतरी विचारतं, तर पक्ष्यांचा रिसेप्टर कॅप्सेसिनला दादच देत नाही. त्यांना मिरची तिखट लागतच नाही.

बिस्किट चहात पडतं त्याला काही उपाय?

यावर आम्ही एक अख्खा रविवार घातला. कपात गरम चहा, मोबाइलवर स्टॉपवॉच, आठवीच्या तीन पोरी आणि ग्लुकोज बिस्किटाचे दोन पुडे. बिस्किट म्हणजे पिठाचे वाळलेले कण, साखरेने आणि तुपाने एकमेकांना धरून ठेवलेले, आणि मध्ये बारीक बारीक भोकांचं जाळं. चहा त्या भोकांतून आपोआप वर चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसाच. साखर विरघळली की धरून ठेवणारंच कुणी उरत नाही, कण फुगून मऊ पडतात आणि ओला भाग स्वतःच्या वजनाने तुटतो. उभं बुडवलं तर आमचं चार-पाच सेकंदात गळत होतं.

लेन फिशर नावाच्या शास्त्रज्ञाने याच्यावर रीतसर अभ्यास केला आणि १९९९ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. त्याचा सल्ला असा की बिस्किट उभं न बुडवता आडवं, एकच बाजू चहाला टेकेल असं धरायचं. खालची बाजू भिजते, वरची कोरडी राहते आणि ती खालचीला सांभाळते. आणि चहाला दुप्पट अंतर चढायला चौपट वेळ लागतो, त्यामुळे जाड बिस्किटाला बराच जास्त दम असतो. कपाच्या तोंडात बिस्किट आडवं मावेना तेव्हा त्यातली एक पोरगी उठली आणि तिने चहा बशीत ओतला! बशीत टेकवलेलं बिस्किट उचललं तेव्हा खालून चॉकलेटी झालेलं, वरून पूर्ण कोरडं, आणि तोंडापर्यंत अख्खं आलं. आपली आजोबा मंडळी बशीतून चहा का प्यायची याचं हे एक कारण असू शकतं असं ती म्हणाली, ते काही सिद्ध करता येणार नाही, पण मला फार आवडलं.

खूप वेळ पाण्यात राहिलं की बोटांना सुरकुत्या का पडतात?

मलाही लहानपणी सांगितलं होतं की कातडी पाणी पिऊन फुगते. तसं असतं तर हाताची नस (रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू) तुटलेल्या माणसाच्या बोटांनाही सुरकुत्या पडल्या असत्या, पण पडत नाहीत, हे डॉक्टरांच्या १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. म्हणजे हे काम नसांचं आहे. बोटं भिजली की नसा आतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आतला भाग आकसतो आणि वरची कातडी दुमडते. कशासाठी? तर २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात लोकांना पाण्यातल्या गोट्या उचलायला लावल्या, सुरकुतलेल्या बोटांनी त्या भराभर उचलल्या गेल्या, कोरड्या गोट्यांना मात्र काही फरक पडला नाही. टायरला नक्षी असते ना पावसात पाणी बाजूला काढायला, तसं. रामकुंडात पोरं नाणी शोधायला तास तास पाण्यात असतात, त्यांची बोटं बघा एकदा.

नोट खिशात राहून मशीनमध्ये धुतली गेली तरी लगदा का होत नाही?

नाशिकरोडला प्रेस म्हटलं की पेपरचं ऑफिस कुणाला आठवत नाही, नोटांचा छापखानाच आठवतो, १९२८ पासून आहे तो. आणि आपली नोट लाकडाच्या लगद्याच्या कागदाची नसतेच, ती शंभर टक्के कापसाची असते. वहीच्या कागदाचे तंतू आखूड, पाण्यात एकमेकांना सोडतात. कापसाचे तंतू लांब, आणि सुती धागा ओला झाल्यावर उलट जास्त ताकदीचा होतो. परवा ह्यांच्या पँटच्या खिशातून शंभराची नोट आणि दुकानाचं बिल एकत्र धुवून निघालं, बिलाचे तुकडे सगळ्या कपड्यांना चिकटलेले आणि नोट दोरीवर चिमट्याला लावून वाळवली की परत कडक. फाटली असेल तर घाबरू नका, बँकेच्या शाखेत बदलून मिळते.

हातात नोट घेतलीच आहे तर पाठीमागची भाषांची पट्टी मोजा, १५ भाषा आहेत, पुढे हिंदी आणि इंग्रजी धरून १७. मराठी शोधायला पोरांना सांगा.

समुद्र इतका जवळ असून गोदावरी उलटी लांब का जाते?

हा प्रश्न एका रिक्षावाल्या काकांचा आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, आणि आपली गोदा मात्र १,४६५ किलोमीटर चालून राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. नदीला अंतर कळत नाही, तिला फक्त उतार कळतो. सह्याद्रीचा पश्चिमेकडे सरळ कडा तुटलाय पण घाटमाथ्यापासून पूर्वेला सगळं दख्खनचं पठार हळूहळू उतरत जातं. ज्या अंगाला थेंब पडला त्या अंगाला तो गेला. खरी गंमत अशी की वैतरणा पण त्र्यंबकच्याच डोंगरातून निघते आणि ती पश्चिमेला अरबी समुद्राला जाते. एकाच डोंगररांगेत पडलेल्या पावसाचे दोन वेगळे समुद्र! काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे ताई, भाऊ भाऊ वाटणी झाल्यावर जातात तसं."

सिंहस्थ बारा वर्षांनीच का येतो?

कारण गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात. राशी १२, म्हणजे एका राशीत साधारण वर्षभर मुक्काम, आणि गुरू सिंह राशीत आला की आपला सिंहस्थ, २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. नीट बघितलं तर १२ आणि ११.८६ मध्ये जवळजवळ ५० दिवसांचा फरक पडतो, तो दर फेरीला साठत जातो आणि कधीतरी मेळा एक वर्ष अलीकडे येतो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ ला झाला, ११ वर्षांनी, तो याच्यामुळेच.

पहिल्या पावसाचा वास कसला?

मातीतल्या सूक्ष्म जीवांचा. ते जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात आणि आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तेज आहे की हवेत अगदी नावाला असलं तरी कळतं. उन्हाळाभर झाडापाल्यातली तेलं पण कोरड्या मातीत-दगडात मुरलेली असतात, ती यात मिसळतात. थेंब पडला की मातीतल्या हवेचे बारीक बुडबुडे सुटून वर फुटतात आणि वास उडतो. जोरदार पावसापेक्षा हलक्या सरीला वास जास्त येतो तो यामुळे. ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं. आपल्याकडे कनौजला मातीचं अत्तर त्याच्या कितीतरी आधीपासून बनतंय.

स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत?

हात कुठे लागणार हे लहान मेंदूला आधीच माहीत असतं, तो ती जाणीव दाबून टाकतो. दुसऱ्याचा हात अचानक येतो.

बोटं मोडली की संधिवात होतो का?

नाही. सांध्यातल्या वंगणात वायूचा बुडबुडा होतो, तो आवाज असतो, हाडं घासत नाहीत. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची नाही, शेवटी दोन्ही हात सारखेच. आई ओरडते ते आवाजासाठी, तेवढं ऐका.

उचकी लागली म्हणजे कुणी आठवण काढतंय?

छातीखालचा पडदा अचानक आकसतो, हवा आत ओढली जाते आणि घशातलं दार धाडकन बंद होतं, त्याचा तो आवाज. अमेरिकेत चार्ल्स ऑसबोर्न म्हणून एकाला १९२२ साली उचकी लागली ती १९९० पर्यंत चालली, ६८ वर्षं. इतकी आठवण कोण काढणार हो.

दिवाळीला गुंडाळून ठेवलेल्या लायटिंगच्या माळा पुढच्या वर्षी गुंतलेल्या कशा निघतात?

कॅलिफोर्नियात दोघांनी डब्यात दोरी टाकून डबा गरागरा फिरवला, तीन हजारांहून जास्त वेळा, आणि काही सेकंदांतच गाठी पडल्या. दोरी दीड फुटाच्या आत असेल तर जवळपास पडतच नाहीत, लांब असेल तर पुष्कळदा पडतात, कारण सुटं टोक शेजारच्या वेटोळ्यांच्या वरून खालून जात राहतं. तेव्हा टोकं बांधा आणि माळ पुठ्ठ्यावर घट्ट गुंडाळा, तिला हलायला जागाच ठेवू नका. आमच्याकडे चार वर्षं झाली, एकदाही गुंता नाही.

चंद्र आपल्याबरोबर का चालतो?

ही चिठ्ठी वरच्या आजींची होती, नाव नव्हतं पण जुनं वळणदार अक्षर ओळखू आलं. मी वर गेले तर म्हणाल्या, "पोरी, हसू नको. आम्ही लहानपणी बैलगाडीतून निफाडला मामाकडे जायचो, रात्री गाडीत उताणं पडलं की चंद्र सोबत यायचा. मी आईला विचारलं, ती म्हणाली झोप."

मी त्यांना गॅलरीत नेलं, चंद्र समोरच्या इमारतीच्या टाकीवर आलेला. म्हटलं आजी, हात लांब करून अंगठा धरा, एक डोळा मिटा आणि मान डावीकडून उजवीकडे न्या. अंगठा टाकीवरून भराभर सरकला. मग म्हटलं आता अंगठा सोडा, फक्त टाकी बघा आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. टाकी पण सरकली, मागच्या इमारतीच्या पुढे आली, पण अंगठ्यापेक्षा खूप हळू. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, आणि चंद्र तर ३,८४,००० किलोमीटरवर, आपण अख्खी रात्र बैलगाडी हाकली तरी आपल्या चालण्याने त्याची दिशा तसूभर बदलत नाही. झाडं, विहिरी, खळी सगळी मागे जातात, तो जात नाही, म्हणून सोबत आल्यासारखा वाटतो.

आजी काही बोलल्या नाहीत. मी चहा ठेवायला आत गेले, बाहेर आले तर गॅलरीच्या कठड्याला धरून त्या एकट्याच हळूहळू चालत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मान वर.